तुमचे प्रश्न: कॅराव्हॅन, क्वीन्सलँडचा किनारा आणि भरपूर वेळ

गेल्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याने कॅराव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन फिरण्याबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर खूप प्रश्न आले. बहुतेक प्रश्न ज्यांची मुलं तिकडे आहेत अशा आईवडिलांचे आहेत आणि काही तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींचे. सगळे घेता येणार नाहीत, पण ज्यांची उत्तरं इतरांनाही उपयोगी पडतील असे निवडलेत. नावं दिलेली नाहीत, फक्त गाव दिलंय.

प्रश्न (पुणे): ताई, मुलगा ब्रिस्बेनला असतो, आम्ही दोघं जुलैमध्ये जातोय. त्याला दहा दिवस सुट्टी आहे. भाड्याची कॅराव्हॅन गाडीमागे जोडून ब्रिस्बेन ते केर्न्स आणि परत असा प्लॅन आहे, त्याने एक्सेल शीटपण बनवलीय, रोज सरासरी साडेतीनशे किमी. आमचं वय ६८ आणि ६४. झेपेल का?

उत्तर: काका, तुम्हाला झेपेलही कदाचित पण तुमच्या मुलाला झेपणार नाही, कारण चालवायचं त्याला आहे. ब्रिस्बेन ते केर्न्स ब्रूस हायवेने साधारण १७०० किमी, म्हणजे जाऊन येऊन ३४००. मागे दीड-दोन टनांची कॅराव्हॅन असताना साडेतीनशे किमी म्हणजे नकाशावरचे चार तास नव्हेत, पेट्रोल, जेवण, रस्त्याची कामं, चढावर हळू झालेली गाडी हे सगळं धरून सहा-सात तास होतात. मग संध्याकाळी पोचायचं, अंधारात कॅराव्हॅन मागे घेऊन जागेवर लावायची, वीज-पाणी जोडायचं, सकाळी परत सगळं काढायचं. दहा दिवस हेच. हे म्हणजे दोन दिवसांत अष्टविनायक उरकल्यासारखं झालं, दर्शन सगळीकडे झालं पण आठवतं काय तर गाडीची सीट.

आणि अजून एक बघा, उष्ण कटिबंध सुरूच मुळी रॉकहॅम्प्टनला होतो, मकरवृत्त तिथून जातं. ब्रिस्बेनपासून रॉकहॅम्प्टन सव्वासहाशे किमी आहे. म्हणजे नारळ, मॅन्ग्रोव्ह, रेनफॉरेस्ट, जे बघायला निघालात ते यायच्या आधीच तुमचे दोन-तीन दिवस गेले, आणि येताना परत तेवढेच.

माझं म्हणणं असं की मुलाला सांगा, ब्रिस्बेनहून केर्न्सला विमानाने जा आणि तिथे मोटरहोम भाड्याने घ्या. मोटरहोम म्हणजे गाडी आणि घर एकच, मागे काही ओढायचं नाही. मग केर्न्सच्या वर पोर्ट डग्लसपर्यंत जेमतेम ७० किमी, आणि खाली टाउन्सव्हिलपर्यंत ३५० किमी, एवढ्यातच दहा दिवस राहा. मुक्काम फक्त तीन करा, प्रत्येक ठिकाणी तीन रात्री. एक्सेल शीट ठेवा हवं तर, पण त्यात किमीचा कॉलम नको.

प्रश्न (ठाणे): आम्ही सहा जण, आईचे गुडघे खूप दुखतात, तिला फार वेळ बसवत नाही. प्रवासात ती मागे कॅराव्हॅनमध्ये बेडवर आडवी झाली तर चालेल ना? भावाचं म्हणणं कोण बघतंय.

उत्तर: नाही चालणार. चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवणं ऑस्ट्रेलियात बेकायदेशीर आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी कृपा करून हे करू नका. आत सीटबेल्ट नाही, गाडी जोरात ब्रेक मारते तेव्हा आतली कपाटं उघडून भांडी उडतात, गॅसची सिलिंडर त्याच डब्याला लावलेली असतात, आणि पुढे बसलेल्या कोणालाही आत काय चाललंय ते कळत नाही. मोटरहोममध्ये बेल्ट असलेल्या सीट असतात तिथे आई बसू शकतील, पण गाडी चालू असताना बेडवर झोपणं तिथेही नाही.

आईंसाठी खरा उपाय एकच, अंतर कमी करा. रोज दीड-दोन तासांपेक्षा जास्त गाडीत बसायची वेळच येऊ देऊ नका आणि मधे एकदा उतरून चहा घ्या. त्या हायवेवर बसायला बाकं, सावली आणि स्वच्छ टॉयलेट असलेल्या जागा भरपूर आहेत, सार्वजनिक बागांमधे तर फुकटात वापरायच्या इलेक्ट्रिक शेगड्यापण असतात, त्यावर थालीपीठ छान होतं (आधी फॉइल पसरा, आधीच्याने त्यावर मांस भाजलेलं असतं).

प्रश्न (मुंबई): मुलांच्या शाळेमुळे आम्हाला नाताळची सुट्टीच सोयीची आहे. तिकडे तेव्हा उन्हाळा म्हणजे बीचसाठी बेस्टच ना? ब्लॉकबस्टर ट्रिप करायची आहे!

उत्तर: ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागासाठी हो, केर्न्ससाठी नाही. उत्तर क्वीन्सलँडमध्ये चार ऋतू मानण्यापेक्षा दोनच मानावेत, कोरडा आणि ओला. मे ते ऑक्टोबर कोरडा, दिवसा साधारण २६ ते २९ डिग्री, रात्री हलकं पांघरूण, हवा मोकळी. नोव्हेंबर ते एप्रिल ओला, म्हणजे घाम, वीज, पाऊस आणि चक्रीवादळांचा सीझन. पाऊस किती, तर केर्न्सच्या दक्षिणेला टली नावाचं गाव आहे तिथे १९५० साली वर्षभरात ७.९ मीटर पाऊस पडला, मीटर, मिमी नाही. त्याची आठवण म्हणून गावाने ७.९ मीटर उंचीचा एक सोनेरी गमबूट उभारलाय, आतून जिन्याने वर जाता येतं, मुलांना जाम आवडतो.

वादळांचं म्हणाल तर २००६ मध्ये लॅरी, फेब्रुवारी २०११ मध्ये यासी, दोन्ही याच पट्ट्यात आली आणि केळीच्या बागा आडव्या झाल्या, पूर्ण ऑस्ट्रेलियात केळी महाग झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये जॅस्पर आलं तेव्हा वाऱ्यापेक्षा पावसाने जास्त नुकसान केलं, केर्न्स ते पोर्ट डग्लसचा तो समुद्राकाठचा सुंदर रस्ता दरडी कोसळून बंद पडला होता. ऐन नाताळाच्या आधी. कॅराव्हॅनमध्ये बसून असा पाऊस काढायचा म्हणजे सहा माणसं एका खोलीत आणि ओले टॉवेल. तर नाताळची सुट्टी असेल तर खाली टास्मानिया, व्हिक्टोरियाला जा, आणि उत्तरेचा किनारा मे महिन्याच्या सुट्टीसाठी ठेवा, तुमच्या मुलांची उन्हाळ्याची सुट्टी तिकडच्या कोरड्या ऋतूच्या अगदी सुरुवातीला पडते, यापेक्षा चांगला मेळ शोधून सापडणार नाही. जून-जुलैमध्ये तिकडच्या शाळांना सुट्टी असते, कॅराव्हॅन पार्क महिनोन् महिने आधी भरतात, तेवढं सांभाळा.

एक गोष्ट मात्र कोरड्या ऋतूत हुकते, आंबा. त्याबद्दल खाली लिहिते.

प्रश्न (नाशिक): यूट्यूबवर बघितलं की तिकडे समुद्रात जेलीफिश असतात त्याने माणूस मरतो, आणि खाडीत मगरी. मग इतका समुद्र बघून पाण्यात पाय पण घालायचा नाही का? मिस्टर म्हणतात त्यापेक्षा गणपतीपुळे बरं.

उत्तर: दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हीसाठी नियम अगदी साधे आहेत, ते पाळले की घाबरायचं कारण नाही.

जेलीफिश आधी. बॉक्स जेलीफिश आणि इरुकांजी हे दोन धोक्याचे, इरुकांजी तर नखाएवढं असतं, दिसत नाही. त्यांचा मुख्य सीझन नोव्हेंबर ते मे. त्या काळात ठरावीक बीचवर जाळी लावून पोहायची जागा आखलेली असते, त्यात लाइफगार्ड असतात, अंगभर घालायचा पातळ सूट भाड्याने मिळतो. बीचवर जागोजागी खांबांना व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या दिसतील, त्या शोभेच्या नाहीत. दंश झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, भरपूर व्हिनेगर ओतायचं आणि ००० ला (तिथला आपत्कालीन नंबर) फोन. मे संपल्यावर कोरड्या ऋतूत गेलात तर हा धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही, म्हणून बोर्ड वाचा.

मगरींचं जास्त लक्षात ठेवा कारण त्यांना सीझन नाही. खाऱ्या पाण्यातली मगर ग्लॅडस्टोनच्या आसपासपासून उत्तरेला सगळीकडे असू शकते, नदी, खाडी, ओढ्याचं तोंड, आणि कधी कधी बीचवरसुद्धा. पाण्याच्या काठापासून कमीत कमी ५ मीटर लांब उभं राहायचं. मुक्काम पाण्यापासून ५० मीटर तरी लांब. रोज त्याच वेळी त्याच जागी पाण्याकडे जायचं नाही, मगर लक्ष ठेवून असते. आणि आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते, मासे साफ करून त्याची घाण काठावर टाकायची नाही, भांडी घासायला नदीवर बसायचं नाही, आणि निर्माल्य वगैरे सोडायला ओढ्यात उतरायचं तर नाहीच नाही.

मग पोहायचं कुठे? केर्न्सला आणि एअरली बीचला समुद्राच्या अगदी कडेला मोठे लगून (पोहायचे तलाव) बांधलेत, फुकट आहेत, स्वच्छ आहेत, लहान मुलांना उथळ भाग आहे, बाजूला हिरवळ. टाउन्सव्हिलला द स्ट्रँड नावाच्या किनाऱ्यावर पण दगडांत बांधलेला तलाव आहे. नातवंडांना संध्याकाळभर पाण्यात सोडा आणि तुम्ही काठावर भेळ करा. डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी काचेसारखं दिसतं, बॅबिंडाजवळ मोठमोठ्या शिळांमधून वाहणारा एक ओढा आहे, पण तिथे खालच्या भागात प्रवाहाने ओढून नेल्याने अनेक जीव गेलेत. जिथे पोहायची जागा म्हणून बोर्ड आहे तेवढ्यातच उतरा, पलीकडे कितीही सुंदर दिसलं तरी नाही. आणि मिस्टरांना सांगा गणपतीपुळ्याला पण समुद्राची ओढ तितकीच जोरात आहे, बोर्ड तिथेही वाचायचे असतात.

प्रश्न (मेलबर्न): आम्ही नवीनच कॅराव्हॅन घेतलीय, पहिलीच लांबची ट्रिप. नवरा म्हणतो पुण्यात ट्रॅफिकमध्ये गाडी चालवलीय, हे काय अवघड. खरंच काही वेगळं शिकावं लागतं का?

उत्तर: लागतं, आणि पुण्यातल्या ट्रॅफिकचा इथे उपयोग नाही कारण हा वजनाचा खेळ आहे. आधी कॅराव्हॅन भरून वजनकाट्यावर न्या. गाडीची ओढायची मर्यादा, कॅराव्हॅनची कमाल वजनाची मर्यादा, हिचवर (गाडी आणि कॅराव्हॅन जोडणाऱ्या सांध्यावर) पडणारं वजन, तिन्ही कागदावर लिहिलेली असतात आणि लोक फक्त पहिली बघतात. पाणी एक लिटर एक किलो, दोन टाक्या भरल्या की पावणेदोनशे किलो सहज वाढतात. जड सामान खाली आणि चाकांच्या वर, म्हणजे मधोमध. तांदळाची २० किलोची गोणी, कुकर, इडलीपात्र हे मागच्या टोकाच्या कपाटात टाकू नका, मागचं टोक जड झालं की कॅराव्हॅन शेपूट हलवल्यासारखी डोलायला लागते. डोलायला लागली तर जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगने उलटं सावरायचं पण नाही, अॅक्सिलरेटर हळू सोडायचा आणि कॅराव्हॅनचे वेगळे ब्रेक असतील तर हाताने तेवढेच हलके लावायचे. हे निघायच्या आधी दोघांनी पाठ करा, दोघांनी म्हणजे तुम्ही पण.

ब्रूस हायवे बराचसा दोन लेनचा आहे. मागे गाड्या साचल्या की जागा बघून बाजूला घ्या आणि जाऊ द्या, त्यांनी वैतागून ओव्हरटेक करण्यापेक्षा तुमची दोन मिनिटं गेलेली परवडली. पहाटे आणि तिन्हीसांजेला चालवू नका, कांगारू आणि वॉलबी (कांगारूचाच छोटा भाऊ) तेव्हाच रस्त्यावर येतात. आणि जून ते नोव्हेंबरच्या सुमारास मॅकायपासून केर्न्सच्या आसपासपर्यंत ऊसतोड चालू असते, तेव्हा छोट्या रुळांवरून उसाच्या गाड्या धावतात, दोन फुटी रूळ, पिंजऱ्यासारखे डबे आणि त्यांची लांबच लांब रांग. बऱ्याच फाटकांना आडवा दांडा नसतो, फक्त लाल दिवे, काही ठिकाणी तेही नाहीत. रुळावर कॅराव्हॅनचं शेपूट राहील असं कधी थांबू नका. ऊस बघून कोल्हापूरची आठवण येईलच, पण ती गाडी थांबत नाही.

शिकायचं असेल तर कॅराव्हॅन ओढण्याचे एका दिवसाचे कोर्स असतात, नवऱ्याला वाढदिवसाला भेट द्या. आणि तुम्ही पण करा, एकाच ड्रायव्हरवर ट्रिप कधी काढू नये.

प्रश्न (सातारा): सुनेकडे जाणार आहे. स्वयंपाक कसा करायचा तिथे? इथून काय काय नेऊ? मी लसणाची चटणी, मेतकूट, तूप, लाडू असं सगळं काढून ठेवलंय.

उत्तर: काकू, तुम्ही एवढं काढून ठेवलंय ते वाचूनच बरं वाटलं, पण ऑस्ट्रेलियात उतरताना जे काही खायचं असेल ते सगळं कार्डवर लिहून जाहीर करावं लागतं. जाहीर केलं आणि त्यांनी काढून घेतलं तर फक्त वस्तू जाते, लपवलं तर मोठा दंड होतो, व्हिसावर पण येऊ शकतं. बिया, ताजा कढीपत्ता, फळं, पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थ अजिबात नेऊ नका. मसाला, मेतकूट, चटणी दुकानातल्या सीलबंद पाकिटातलं असेल तर सोपं जातं, तरी जाहीर कराच. खरं सांगू का, डाळ-तांदूळ-मसाले सगळं ब्रिस्बेनला मिळतं, सूनबाईंबरोबर दुकानात जाऊन एकदाच भरून घ्या. तुमच्या हातची चव त्या पाकिटात नव्हतीच कधी.

कॅराव्हॅनमधे गॅसच्या तीन-चार शेगड्या, छोटा फ्रिज, सिंक असतं. कुकर चालतो. फोडणी मात्र आत देऊ नका, धुराचा अलार्म डोक्यावरच असतो आणि मिरचीचा खकाणा रात्रभर गाद्यांना राहतो. बाहेर ऑनिंगच्या (कॅराव्हॅनच्या बाजूला पसरायच्या कापडी छताच्या) सावलीत टेबलावर सुटी शेगडी ठेवायची, तिथे फोडणी, तिथेच भाकरी. शेजारचे येऊन विचारणार काय करताय, त्यांना एक भाकरी आणि पिठलं द्या, मग पूर्ण मुक्कामभर तुम्हाला कशाला कमी पडणार नाही. रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यांचे छोटे स्टॉल असतात, माणूस नसतो, केळी, पपई, लिंबं ठेवलेली आणि एक पैशांचा डबा. सुटी नाणी जवळ ठेवा.

मासे खात असाल तर मग विचारूच नका. तिकडे ज्याला बॅरामंडी म्हणून मिरवतात तो आपला अलिबाग-पेणकडचा जिताडा, जात एकच. मड क्रॅब म्हणजे खाडीतली मोठी चिंबोरी. ती स्वतः पकडायची असेल तर क्वीन्सलँडचा नियम आहे की फक्त नर ठेवायचा, तोही कवच कमीत कमी १५ सेंटिमीटर रुंद असेल तर, मादी लगेच पाण्यात सोडायची. पोटावरचं झाकण अरुंद तो नर, रुंद गोल ती मादी, हे कोकणातल्या कुठल्याही मावशीला सांगायला नको. समुद्रात आणि खाडीत गळ टाकायला हौशी माणसाला लायसन्स लागत नाही, पण आकाराचे आणि संख्येचे नियम आहेत, ते बघून घ्या. चिंबोरीचा रस्सा आणि भात, समोर कोरल सी, मला तरी याच्यापुढे काही सुचत नाही.

आणि आंबा. बोवेन नावाचं गाव एअरली बीचच्या वर आहे, तिथे हायवेला दहा मीटर उंच आंबा उभा केलाय. ऑस्ट्रेलियातला सगळ्यात लाडका केन्सिंग्टन प्राइड आंबा इथलाच, लोक त्याला बोवेन मँगोच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इथून भारतात सैन्यासाठी घोडे जायचे, त्या जहाजांवरच्या व्यापाऱ्यांनी येताना आंबे आणले आणि त्याचं हे झाड असं मानलं जातं. हापूसशी तुलना करू नका, वेगळा आहे, थोडा धागा, आंबटगोड आणि वास जबरदस्त. झाडावरचा आंबा साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारासच मिळतो, जुलैमधे मँगो सॉर्बे खाऊन समाधान मानायचं.

प्रश्न (नागपूर): लाजत विचारते, टॉयलेटचं काय? आणि रात्री कुठेही गाडी लावून झोपलं तर चालतं का?

उत्तर: लाजायचं काय त्यात, पहिला प्रश्न हाच असायला हवा. बऱ्याच कॅराव्हॅनमध्ये छोटं टॉयलेट असतं, खाली चाकं असलेली टाकी, वीसेक लिटरची, बाहेरच्या दारातून ओढून काढतात. ती डंप पॉइंट म्हणून ठरवलेली जागा असते तिथेच रिकामी करायची, पाणी घालून खळखळवून पुन्हा रिकामी करायची, मग आत थोडं पाणी आणि औषध टाकायचं. चार माणसांत दोन-तीन दिवसांनी करावं लागतं, पाच मिनिटांचं काम आहे आणि हातमोजे असले की काही वाटत नाही. कॅराव्हॅन पार्कमध्ये मुक्काम असेल तर तिथली टॉयलेट-बाथरूम वापरा, गरम पाणी असतं, आपल्याकडच्या बऱ्याच हॉटेलांपेक्षा स्वच्छ असतात. बादली आणि मग मात्र स्वतःचा न्या.

कुठेही लावून झोपता येत नाही. हायवेच्या काही विश्रांतीच्या जागी रात्रभर थांबायला परवानगी असते, किती तास ते बोर्डवर असतं. छोट्या गावांची जत्रेची मैदानं असतात, ती कमी पैशांत कॅराव्हॅनला जागा देतात आणि ते पैसे गावाच्या कामाला जातात, मला ही जागा फार आवडते, कारण तिथे गावातली माणसं भेटतात. नॅशनल पार्कमधल्या कँपसाइटचं बुकिंग आधीच करावं लागतं, गेटवर पैसे देऊ असं चालत नाही. बीचच्या पार्किंगमध्ये झोपलात तर दंड.

प्रश्न (ब्रिस्बेन): सगळे व्हिटसंडे बेटं, ग्रेट बॅरिअर रीफ, क्रूझ हेच सांगतात. तुम्ही स्वतः तीनच जागा निवडायच्या तर कुठे थांबाल? आमच्याकडे तीन आठवडे आहेत, घाई नाही.

उत्तर: घाई नाही हे वाचून इतका आनंद झाला! तीन आठवड्यांत आरामात होतं.

पहिली, केप हिल्सबरो. मॅकायपासून तासाभराच्या आत. इथे पहाटे, सूर्य उगवायच्या वेळी वॉलबी आणि कांगारू बीचवर येतात, भरतीबरोबर वाहून आलेल्या मॅन्ग्रोव्हच्या शेंगा खायला. ओहोटी असेल तर वाळू आरशासारखी ओली असते, त्यावर त्यांच्या शेपटीची रेघ आणि दोन्ही बाजूंना पायाचे ठसे स्पष्ट उमटतात. लांबूनच बघायचं, खायला घालायला आणि हात लावायला जायचं नाही. सगळे फोटो काढून सात वाजता निघून जातात. तुम्ही थांबा. दुपारच्या ओहोटीला वाळूवरून बेटाकडे चालत जाता येतं, फक्त भरतीची वेळ आधी बघा. एका दिवसासाठी कॅराव्हॅन तिथेच ठेवून नुसती गाडी घेऊन युंगेलाला जा, घाट इतका उभा आहे की कॅराव्हॅन वर न्यायचीच नाही. वर ब्रोकन रिव्हरला लाकडी मचाण आहे, तिथे पहाटे किंवा संध्याकाळी गप्प उभं राहिलं की प्लॅटिपस (बदकासारख्या चोचीचा पाण्यातला प्राणी) दिसतो. आधी बुडबुडे येतात, मग छोटी तपकिरी पाठ, मग परत खाली. बोललात की गेला.

दुसरी, मिशन बीच. चौदा किमी लांब किनारा, मागे थेट रेनफॉरेस्ट, समोर डंक आयलंड. इथे कॅसोवरी फिरतो, माणसाएवढा उंच पक्षी, निळी मान, डोक्यावर शिंगासारखा तुरा. रस्त्यावर त्याचे बोर्ड आहेत तिथे खरंच हळू चालवा, गाड्यांखाली हे पक्षी मरतात आणि संख्येने आधीच कमी आहेत. समोर आला तर पळायचं नाही, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं, बॅग मधे धरायची. खायला घालणं गुन्हा आहे.

तिसरी, डेनट्री. इथे कॅराव्हॅन मॉसमन किंवा पोर्ट डग्लसला लावून ठेवा आणि फक्त गाडी पुढे न्या. डेनट्री नदीवर पूल नाही, तारेवर ओढली जाणारी फेरी आहे, गाडीसकट पाच मिनिटांत पलीकडे. पुढचा रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, केप ट्रिब्युलेशनपर्यंत डांबरी, त्यापुढे फक्त फोर-व्हील ड्राइव्ह. पलीकडे फोनला नेटवर्क जवळपास नाहीच. जगातल्या अतिशय जुन्या पावसाळी जंगलांपैकी हे एक, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि २०२१ मध्ये तिथलं नॅशनल पार्क त्याच्या मूळ मालकांना, ईस्टर्न कुकू यालांजी लोकांना परत मिळालं. त्यांच्याच लोकांबरोबर मॉसमन गॉर्जला जंगलात चालायला जा, कोणतं पान साबणासारखं फेसाळतं, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही हे ते दाखवतात. आपण नुसतं चाललो तर सगळं हिरवंच दिसतं.

रीफ बघाच, एक दिवस काढा, पण त्यासाठी ट्रिप रीफभोवती बांधू नका. मधल्या दिवसांत काय करायचं असं विचाराल तर काही नाही. पुस्तक, पत्ते, दुपारची झोप, संध्याकाळी किनाऱ्याने चालणं. मुलं पहिल्या दोन दिवशी कंटाळतात, तिसऱ्या दिवशी शेजारच्या कॅराव्हॅनमधली पोरं मित्र होतात आणि मग जेवायला हाका माराव्या लागतात.

प्रश्न (चिपळूण): हे सगळं आपल्या कोकणात का नाही? आम्ही पण किनाऱ्यावरच राहतो!

उत्तर: होईल, थोडं वेगळ्या पद्धतीने. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. पण मागे ओढायची मोठी कॅराव्हॅन आपल्या घाटांत आणि गावातल्या गल्ल्यांत बसणार नाही, त्यापेक्षा छोटी कँपर व्हॅन घ्या. खाड्या जंगलजेटीने (गाडीसकट नेणाऱ्या फेरीबोटीने) ओलांडा, आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, गाडीची लांबी-उंची चालेल का ते आधी फोन करून विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. रात्री एखाद्या होमस्टेच्या अंगणात परवानगी घेऊन गाडी लावा, त्यांच्याकडेच जेवा, म्हणजे पैसे गावात राहतील. आणि गाडी पुळणीवर अजिबात नेऊ नका, रुतते, भरती येते, आणि तिथेच कासवांची अंडी असतात. वेळास, आंजर्ल्यात ती जपायला गावकऱ्यांनी किती कष्ट घेतलेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मला शुगर आणि बीपी दोन्ही. तिकडे आजारी पडलो तर मुलाच्या मेडिकेअरवर होईल ना?

उत्तर: नाही दादा, भारतातून व्हिजिटर व्हिसावर गेलेल्यांना मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, लागू होत नाही, मुलगा तिकडचा नागरिक असला तरी. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा आणि शुगर-बीपी आहे हे फॉर्मवर स्पष्ट लिहा, लपवलंत तर क्लेम नाकारला जातो. औषधं तीन महिन्यांपर्यंतची नेता येतात, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसकट, आणि विमानतळावर जाहीर करायची. अर्धी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन असेल तर कॅराव्हॅनच्या फ्रिजवर भरवसा ठेवू नका, बर्फाच्या कप्प्याजवळ ते गोठतं, मधल्या कप्प्यात छोटा थर्मामीटर ठेवून बघत जा. मोठी हॉस्पिटलं मॅकाय, टाउन्सव्हिल आणि केर्न्सला आहेत, मुक्काम शक्यतो त्यांच्यापासून दोन तासांच्या आत ठेवा. डेनट्रीला जाणार असाल तर दिवसा जाऊन संध्याकाळी नदीच्या अलीकडे परत या.